झेंडूची हवा

नेरे गावच्या काशीरामची जुनी गाडी म्हणजे त्याच्या बायकोचं, वेणूचं, दुसरं देवघर. पुढच्या काचेखाली, बॉनेटच्या कडेला जी जाळी असते, तिच्यावर झेंडूची फुलं वाहिल्याशिवाय ती गाडीत पाऊल ठेवत नसे. एसीची हवा कमी होत गेली तशी वेणूने फुलं वाढवली.

"गॅस नवा भरलाय, पन हवा फुंकर मारल्यावानी येते," काशीराम कुरकुरायचा.

"जरा देवावर भरवसा ठेवा," वेणू म्हणायची.

ऐन मे महिन्यात भाचीच्या हळदीला दोघं घामाने न्हाऊन पोचली, तेव्हा मात्र काशीरामने दुसऱ्याच दिवशी गुपचूप पनवेलच्या झुबेर मेकॅनिकचं गॅरेज गाठलं. झुबेरने डॅशबोर्डखालचा पंखा उघडला आणि आतून मुठी भरभरून वाळका झेंडू काढला.

"चाचा, त्या जाळीतूनच हवा आत येते. फुलं तेवढी बंद करा, एसी एकदम फर्स्ट क्लास चालेल."

घरी येईपर्यंत काशीराम मनात शब्द जुळवत होता. वेणूच्या भक्तीला धक्का न लावता हे सांगायचं म्हणजे सोपं काम नव्हतं. दारात गाडी थांबताच वेणू जाळीवर चार फुलं वाहून शेजारी येऊन बसली. गार हवेचा झोत तोंडावर आला, पदर उडाला, आणि तिने डोळे मिटून हात जोडले.



"तुमाला बोलले नाय, पन मी नवस केलेला. हवा नीट आली, तं गाडीवर पाटीभर झेंडू वाहीन!"