परक्याची गाडी

प्लॅस्टिकच्या पातळ कागदाचं टोक तिने नखाने उचललं आणि हळूहळू सोलत नेलं. खालची मलई अजून ओली होती. ओलीच हवी, वाळली की चट्टे पडतात, मग जन्मात निघत नाहीत. तीन दिवस हेच चाललं होतं. स्टिअरिंगशेजारची पिवळी पडलेली सीट, तिच्यावर केस फिके करायची मलई, मलईवर घट्ट प्लॅस्टिक, आणि सावली सरकत आली की गाडी ढकलून पुन्हा उन्हात. नवी बॅटरी आज सकाळी बसली. तोवर ढकलायला ती एकटीच: एक हात स्टिअरिंगवर, खांदा दाराच्या चौकटीला, आणि ओठांत कोणाला तरी घातलेली शिवी. बोटांची टोकं पांढरी पडली होती.

पार्लरवालीने मलईचे पाच डबे देताना विचारलं होतं, "एवढे केस कोणाचे हो?"

"गाडीचे," ती म्हणाली, तेव्हा पार्लरवालीने सुटे पैसे जरा लांबूनच हातावर ठेवले होते.

फाटकाशी खुर्ची टाकून आप्पा बसले होते. तिन्ही दिवस त्यांनी मुकादमाच्या थाटात देखरेख केली.

"घासू नकोस. टिप नुसतं. पांढरं रेक्झीन बाळाच्या अंगासारखं असतं."

"हो, आप्पा."

"गाडी कोणाची म्हणालीस?"

"एका गिऱ्हाइकाची."

"गबाळा दिसतोय माणूस. चहात बुडवून काढल्यासारखी करून ठेवलीय सीट. माझ्या गाडीत पाय झटकल्याशिवाय तुझ्या आईलासुद्धा बसू दिलं नाही मी."

"माहितीय. आईने ते शेवटपर्यंत ऐकवलं."

"ऐकवू दे. सीट पांढरी राहिली ना?"

गेल्या महिन्यात आप्पांना न्यायला टॅक्सी आली होती. आप्पांनी फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरले. 'परक्याच्या गाडीत मी बसत नाही.' टॅक्सीवाला बिचारा अर्धा तास थांबून गेला. मग तिने शेडमधून त्यांचीच जुनी गाडी बाहेर ओढून घेतली, तर आत डोकावून म्हणाले, 'ही माझी नव्हे. माझी आतून पांढरीशुभ्र आहे.' नवी कव्हरं शिवून आणली. शिवणीवरून बोट फिरवून त्यांनी तीही नाकारली. तेव्हापासून गाडी कुणा गिऱ्हाइकाची असंच ती सांगत होती. ते दोनदा चौकात सापडले होते, एकदा गॅस उघडा होता. वृद्धाश्रमाने खोली आज पाचपर्यंतच राखून ठेवली होती. डिकीत बॅग होती, बॅगेत सहा शर्ट, प्रत्येकाच्या कॉलरला आतून शाईने त्यांचं नाव घातलेलं. तिची रजा उद्या संपत होती. भाऊ फोनवर म्हणाला होता, 'ताई, तू ठरवशील ते बरोबरच असेल.' लांब राहून हे म्हणायला काय जातं.

आप्पांना तिने चारदा सांगून पाहिलं होतं. चारही वेळा ते 'बरं' म्हणाले आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

तिने ओल्या फडक्याने मलई पुसून काढली, मग कोरड्याने टिपलं. बाकीच्या सीटांवर आधीच चादरी ताणून बसवल्या होत्या. तीन दिवसांत एकच होण्यासारखी होती. ती मात्र झाली होती. दुधाच्या दातासारखी पांढरी. कोणाला तरी हाक मारून दाखवावी असं तिला फार वाटलं. दाखवण्यासारखं माणूस एकच होतं, आणि त्यालाच हाक मारायला तिचा जीव धजेना.

दोन वाजून गेले होते.

खुर्ची करकरली. आप्पा आपणहूनच उठून आले. चष्मा कपाळावर सरकवून दारातून आत वाकले. सीटच्या शिवणीवरून अंगठा नेत राहिले, एक पट्टी, दुसरी, तिसरी. कोपऱ्यात शिवण दुहेरी होती, तिथे अंगठा थांबला.

"अगं," ते म्हणाले, "ही तर आपलीच."

ती फडकं पिळत राहिली. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.

"कुठे सापडली?"

"इथेच होती, आप्पा."

"आणि मी मालकाला गबाळा म्हटलं." मान मागे टाकून ते हसले, कितीतरी दिवसांनी. तीही हसली, दुसरं काय करावं ते सुचेना.

मग ते वळले आणि सवयीने स्टिअरिंगच्या बाजूला निघाले. ती वाटेत उभी राहिली.

"आज मी चालवते. तुम्ही इकडे बसा ना. तुमच्यासाठी तर केली ही सीट."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या मागे उघड्या दाराकडे पाहिलं. आता फाटकाकडे जातील, गज धरतील, आणि आपण त्यांची बोटं सोडवणार नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, हेही.

पण आप्पांनी चपला झटकल्या, आधी उजवी, मग डावी. अलगद आत बसले. पट्टा काही त्यांना सापडेना, म्हणून तिने वाकून तो ओढला आणि लावून दिला. त्यांच्या अंगाला साबणाचा वास येत होता. सकाळी तिनेच अंघोळ घातली होती.

ती जागेवर येऊन बसली. किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"लांब जायचंय?"

"दोन तास."

आप्पांनी सीटवर तळवा पालथा ठेवला, जरासा दाबून पाहिला.

"बरं, जाताना तू चालव," ते म्हणाले. "येताना मी घेतो. तुला एकटीला झेपायचं नाही."