पाझराचं पाणी

एकतीस वर्षांपूर्वी आलेल्या त्या पत्राला भाऊंनी उत्तर दिलंच नव्हतं.

पत्र होतं तलावाचा बांध बांधणाऱ्या इंजिनिअरचं. त्यात लिहिलं होतं, "मातीचा बांध थोडाफार पाझरणारच. रोज सकाळी पायथ्याशी बाटली भरून बघा. पाणी नितळ असलं तर निर्धास्त झोपा. गढूळ दिसलं तर आतली माती वाहतेय असं समजा आणि माणसं हलवा. काय दिसतं ते जरूर कळवा."

बाटली भाऊंनी रोज भरली. कळवायचं तेवढं राहिलं. 'प्रिय' लिहावं की 'आदरणीय', इथंच त्यांची गाडी अडायची.

माणूसच तसा भिडस्त. समोरच्याला 'नाही' म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. दारावर येणाऱ्या विक्रेत्यांच्या कृपेने घरात एकाच विश्वकोशाचे तीन संच होते.

तलाव वडिलांनी भाऊंच्या आणि थोरल्या बहिणीच्या नावावर ठेवलेला. अक्का होड्या भाड्याने देत, भाऊ बांध सांभाळत. पोहायला कुणालाच मज्जाव नव्हता. बेकरीवाला, दोन नर्स, पोस्टातली बाई, सगळे सकाळी डुंबून मग कामावर जात. भाऊंना ते 'बाटलीभाऊ' म्हणत, आणि नवख्या माणसाचा व्हायचा तो गैरसमज खुशाल होऊ देत.

आता अक्कांच्या मुलाने तलावाला गिऱ्हाईक आणलं होतं. कंपनी भोवती कुंपण घालणार होती. आत फक्त सभासद. मुलाच्या हट्टापुढे अक्कांनी मान तुकवली होती. भाऊंची सही तेवढी बाकी होती.

"मामा, मंगळवारी त्यांचा इंजिनिअर बांध बघेल. बांध पास झाला की लगेच सह्या. तुमची काही हरकत?"

भाऊंनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "हरकत कसली," ते म्हणाले.

"बघ आई, म्हटलं नव्हतं? मामा म्हणजे गरीब गाय."

मंगळवारी सकाळी अक्का अंगणात मांजराच्या नावाने बोटं मोडत होत्या. "मेल्याने जास्वंदीची कुंडी अर्धी उकरून ठेवली! आणि तुझ्या बाह्या रे कशाने भिजल्या?"

"बाटली निसटली," भाऊ म्हणाले.

दहाच्या सुमारास मंडळी बांधाच्या पायथ्याशी आली. आतला सगळा पाझर तिथे झाकण घातलेल्या एका लहान हौदात जमे आणि नळातून बाहेर पडे. भाऊंनी नळाखाली बाटली धरली आणि ती भरेपर्यंत ओठांतल्या ओठांत आकडे मोजले. चाळीस. रोजच्याइतकेच. मग बाटली त्यांनी कंपनीच्या इंजिनिअरच्या हाती दिली.

त्याने ती उन्हात धरली. पाणी चहासारखं दिसत होतं.

"हे असं कधीपासून?"

"आजच," भाऊ जमिनीकडे बघत म्हणाले.

"आजच? अहो, मग तर जास्तच वाईट!" तो आपल्या साहेबांच्या कानाशी लागला. साहेबांनी मान वर करून बांधाकडे पाहिलं, मग आपल्या चकचकीत बुटांकडे, आणि एकेक पाऊल मागे घ्यायला सुरुवात केली. पाच मिनिटांत मोटार दिसेनाशी झाली.

भाचा कपाळाला हात लावून बसला. "एकतीस वर्षं नितळ, आणि आजच मुहूर्त साधला!"

अक्कांनी लगेच शिट्टी फुंकून सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं. भाऊंनी स्वतःच पाटी रंगवून काठावर लावली: 'पुढील सूचनेपर्यंत पोहू नये.'

दुसऱ्या दिवशी पाणी नितळ. तिसऱ्या दिवशीही. शेवटी सरकारी तपासनीस आला, दोन दिवस बांध ठोकून, टोचून, मोजून गेला आणि म्हणाला, "खणखणीत आहे. अजून दोन पिढ्या हलायचा नाही. त्या दिवशी काय झालं, देव जाणे."

कंपनीने तोवर दुसरीकडचा तलाव घेतला होता.

त्या रविवारी सगळं गाव पाण्यात उतरलं. अक्कांनी होड्या फुकट सोडल्या. पोस्टातल्या बाईंनी पाटी उपटून तिचं वल्हं केलं. बेकरीवाल्याने भाऊंना बाटलीसकट उचललं आणि धपकन तलावात टाकलं, तेव्हा भाचासुद्धा पोट धरून हसला. भाऊ वर आले ते चष्म्याशिवाय, पण बाटली घट्ट धरून.

"बाटलीभाऊंचा विजय असो!" काठावरून आरोळी उठली.

अक्कांनी त्यांचं डोकं खसाखसा पुसलं. "आता तरी त्या इंजिनिअरला उत्तर लिही. बिचारा अजून त्याच पत्त्यावर राहतोय. तुमचा बांध परीक्षेत पास झाला म्हणून कळव."

भाऊ त्याच दुपारी लिहायला बसले. मायन्यापाशी या वेळी गाडी अडली नाही. दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडायच्या आधीच ते पेटीपाशी होते. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी पत्र एकदा वाचलं, पाकीट चिकटवलं आणि आत सोडलं.

"आदरणीय साहेब, उशिराबद्दल क्षमा असावी. पाणी एकतीस वर्षं नितळ आहे. मधला एक मंगळवार गढूळ गेला, पण त्याचा दोष आपल्या बांधाला देऊ नये. मला 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून अक्काच्या कुंडीतली माती मी हौदात कालवली होती."