पुढच्या बाकावरचे हात

घंटा वाजते आहे, हे बाईंना फक्त दिसत होतं. टेबलावरच्या काचेच्या हंडीत ती दोन रबरी दोऱ्यांना लटकली होती आणि तिची हातोडी थरथरत होती. खाली अर्धवट फुगवलेला एक फुगा मलूल होऊन पडला होता. वर्गातल्या सगळ्या मुलांचे हात वर होते. ऐकू येतंय तोवर हात वर, थांबलं की खाली, हा बाईंचा नियम. तापाने त्यांचे कान नेले तेव्हापासून विज्ञानाचा हा वर्ग त्यांनी असाच चालवला होता. बाईंच्या पाठीलाही डोळे आहेत, असं मुलं म्हणत. फळ्याशेजारच्या कपाटाची काचेची दारं बाई रोज सकाळी घासूनपुसून लख्ख का करतात, याचा विचार मात्र कुणी केला नव्हता.

मागच्या भिंतीशी मुख्याध्यापक आणि संस्थेचे चिटणीस खुर्च्या टाकून बसले होते. मुख्याध्यापक सकाळीच म्हणाले होते, "मुलं काय बोलतात ते तुमच्यापर्यंत पोचणार कसं, बाई? आज आवाजाचा धडा घेऊन दाखवा. नाही जमला तर ग्रंथालय आहेच. तिथे नाहीतरी शांतताच लागते." हे त्यांनी तोंड वासून वासून सांगितलं होतं, जणू बाईंचे कान नव्हे, अक्कल गेली होती. मग स्वतःच्याच विनोदावर ते हसले होते. बहिरेपणाचा तेवढाच एक फायदा, ते हसू ऐकावं लागलं नाही.

बाईंनी पंपाचा दांडा दाबायला सुरुवात केली. हंडीतली हवा निघत गेली की आवाज विरत जायला हवा होता. त्यांनी जेमतेम चार-पाचदा दांडा दाबला असेल, तोच पुढच्या बाकावरचे हात पटापट खाली आले. मग मधल्या बाकांवरचे आले आणि शेवटी मागचे.

मुख्याध्यापक गालातल्या गालात हसत होते.

बाई थांबल्या. आवाज मंदावला की लांबच्याला आधी ऐकू येईनासं होतं. दरवर्षी मागचे हात आधी पडायचे. आज पुढचेच आधी बहिरे झाले? त्यांनी फुग्याकडे पाहिलं. भोवतालची हवा गेली असती तर तो टम्म फुगला असता. तो होता तसाच मलूल पडला होता.

बोलताना आवाज चढू नये म्हणून बाई गळ्यावर बोट ठेवत. आज त्यांनी ते बोट काढलं.

"घंटा अजून वाजतेय. हंडीखालून हवा आत येतेय. आणि तुम्ही सगळे खोटं बोलताय. माझी कीव करायला कुणी सांगितलं होतं?"

पुढच्या बाकावरची बडबडी उभी राहिली. तिला सगळी शाळा याच नावाने ओळखायची, पण आज तिचे ओठ कसेबसे हलले आणि बाईंनी ते वाचले. "तुम्हाला घालवतील ना, बाई."

 बाईंना क्षणभर वाटलं, तिला जवळ घ्यावं. पण त्यांनी टेबलाच्या खणातला ग्रीसचा डबा काढला.

"घालवू देत. खोटा प्रयोग दाखवून मी इथे राहायची नाही. हात वर करा! सर, तुम्हीसुद्धा. तुम्हाला तर सगळं ऐकू येतं."

मुख्याध्यापकांनी चिटणिसांकडे पाहिलं. चिटणिसांचा हात आधीच वर गेला होता. मग करतात काय बिचारे, त्यांनीही केला.

बाईंनी हंडीच्या काठाला ग्रीस चोपडलं, ती दाबून बसवली आणि पंप मारायला घेतला. फुगा हळूहळू बाळसं धरू लागला. आणि सगळ्यात आधी खाली आला तो मागच्या भिंतीशी बसलेल्या मुख्याध्यापकांचा हात. मग एकेक बाक करत पुढचे हात आले. बडबडीचा हात शेवटी खाली आला.

"आता घंटा दिसतेय का?" माना डोलल्या. "आणि हवा गेली म्हणून ती तरंगायला लागली का? नाही. दोऱ्या ताणलेल्याच आहेत. पृथ्वी तिला अजून ओढतेय. सूर्याचं तसंच आहे. तो आणि आपण, मध्ये सगळी पोकळी. त्याचा आवाज येत नाही, पण ऊन येतं. त्याची ओढही येते, नाहीतर आपण केव्हाच भरकटलो असतो. आवाजाला मध्ये कुणीतरी लागतं. प्रकाशाला नाही लागत."

वर्ग सुटला. बाई पाठमोऱ्या होऊन हंडी कपाटात ठेवू लागल्या. मुख्याध्यापक चिटणिसांना घेऊन टेबलापर्यंत आले आणि बाईंच्या पाठीमागे उभे राहून चिटणिसांच्या कानाशी लागले.

"प्रयोग झाला छान. पण सोमवारपासून ग्रंथालयच. आत्ता काही बोलू नका, उगीच तमाशा नको. मागाहून पत्र धाडू."

"पत्र कशाला, सर?" बाई वळल्यासुद्धा नाहीत. "मी ग्रंथालयात जाणार नाही. सोमवारी मला प्रकाशाचा धडा घ्यायचाय."

कपाटाच्या लख्ख काचेत त्यांना मुख्याध्यापकांचं मघाशी हलणारं तोंड आता वासलेलं दिसत होतं.