टॅन्सीचा संयम

सांगून कुणाला पटणार नाही, पण सशांच्या शिकारीसाठी पाळलेली माझी मुंगसासारखी फेरेट टॅन्सी अंड्याचा दुसरा तुकडा नाकासमोर धरला तरी तोंड फिरवते.

फेरेटला खाऊ द्यावा तो नखाएवढा, हे आमच्या यॉर्कशायरमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. पोट टम्म भरलेली फेरेट सशाच्या बिळात शिरली, की ससे बाहेर हुसकायचं सोडून तिथेच घोरत पडते आणि तिच्यापायी रान खणायची वेळ येते.

ॲम्ब्लरसाहेबांच्या रानातले ससे धरायचं काम गेल्या हिवाळ्यापासून माझ्याकडे होतं. यंदा ते गावातल्या विल्फनंही मागितलं; त्याच्याकडेही एक फेरेट आहे. रविवारी दुपारी पबमध्ये साहेब निकाल देणार होते, म्हणून मी आधी विल्फची हजेरी घेतली.

"ह्याची फेरेट बघितलीत, साहेब? बिस्किटं चारून चारून उशी केलीय तिची! एवढे लाड करायचे तर मांजर पाळावी माणसानं. तुमच्या बांधाची चाळण करून ठेवील हा. माझी टॅन्सी बिळात गेली की पाच मिनिटांत बाहेर. खणायचं म्हणजे काय, ते आमच्या घरात ठाऊकच नाही!"

विल्फ बिचारा मान खाली घालून बिअर पीत राहिला. साहेबांनी शांतपणे मिशीवरचा फेस पुसला.

"असं होय, एनॉक? मग सकाळी तुझी बायको माझी कुदळ मागून घेऊन गेली, ती अजून माझ्या बांधाखालून कुणाला खणून काढतेय?"