आटवलेलं पाणी

"पावडरचं दूध कोणत्या पाण्यात करता?" बाळाच्या निळ्या ओठांवरचा मास्क नीट करत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ओढ्याकाठच्या विहिरीच्या. पण पाणी हिरवट झाल्यापासून निम्मं आटेपर्यंत उकळतो," बाळाची आई म्हणाली.

"अहो, उसाला टाकलेलं खत त्यात उतरतंय. पूर्वी ओढा ते पचवायचा. काठची झाडं तोडली, युरिया वाढला, आता त्यालाही पचेना. उकळून जंतू मरतात, खताचे क्षार जात नाहीत. आटवलं की दाट होतात. तेच बाळाच्या रक्तात गेलेत, म्हणून ओठ निळे पडलेत."

तिनं बाळाची मूठ आपल्या बोटाभोवती मिटली.

तेवढ्यात सासूबाई धापा टाकत आल्या, थर्मास पुढे केला. "घे गं, आज जास्तच आटवलंय. माझ्या सोन्याला काही बाधायला नको."

"आत्या," ती हळूच म्हणाली, "आधी बसा."