उसळीचा डबा

झाकण काढलं आणि आंबूस भपकारा सरळ नाकात शिरला. मटकीच्या उसळीवर फेस आला होता. शी!

"राहू दे गं, लिंबू पिळलं की कळत नाही," पलंगावरून रेगे आजी म्हणाल्या. त्यांचा पाय मोडल्यापासून आमच्या सोसायटीतल्या बायका त्यांना आळीपाळीने डबा देतात. आज डबा सबनीस वहिनींचा होता, आणि वाढायला मी आले होते.

"म्हणजे त्यांच्याकडून नेहमी असंच येतं?"

आजींनी लिंबू माझ्यापुढे सरकवलं. उशाशी वहिनींचा मागच्या वेळचा डबा लख्ख धुऊन ठेवला होता, आत चमचाभर साखर. डबा रिकामा परत करायचा नाही, हे त्यांनी मोडक्या पायानेही पाळलं होतं.

मी दोन्ही डबे घेऊन तिसरा मजला चढले. वहिनींच्या घरात गरम कोथिंबीर वड्यांचा वास दरवळत होता.

"अगं, परवाची आहे ती," त्या हसत म्हणाल्या. "टाकून द्यायचं जिवावर आलं. त्यापेक्षा आजींच्या पोटात गेली तर तेवढीच सेवा. आणि त्यांना सांग, डब्यात साखर नका घालू म्हणावं. ओट्यावर मुंग्या होतात."

साखरेचा डबा मी काखेत धरला आणि उसळीचा उघडून त्यांच्या हातात दिला.

"आज साखर नाही, वहिनी. चमचा आणा. तुमचं खाऊन होईपर्यंत मी इथेच बसते."