सहा सिलिंडर आणि एक चढ

पिकअप पुन्हा चढाच्या मध्यावर येऊन रखडली. मागून काळ्या धुराचा लोट उठला. कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला फेस तसाच ठेवून दारात आला आणि मजा बघत उभा राहिला.

"झालं तुझं समाधान?" मिस्त्री स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाला. हे इंजिनाला होतं.

शेजारी बसलेली त्याची लेक खिडकीबाहेर बघत राहिली. मागं वाळूची पोती भरलेली होती. त्यानं ब्रेकवर पाय ठेवत गाडी तशीच उलटी खाली आणली आणि गॅरेजच्या दारात उभी केली. बॉनेट उघडताना त्यानं गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

डोकं फिरायला कारणही तसंच होतं. जुनं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन त्यानं पार नटबोल्टापर्यंत उघडलं होतं. नवे पिस्टन, नव्या रिंगा, घासून आणलेला क्रँक आणि जोडीला इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा टर्बो. पहिल्या दिवशी याच चढावर, याच पोत्यांसकट, गाडी वाऱ्यासारखी पळाली होती. वर पोचल्यावर लेक उतरली, मागं वळून सगळ्या वस्तीकडं बघत म्हणाली, "म्हणजे आता खरंच जाता येईल." दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाडीनं मान टाकली.

डोंगरातल्या बांधकामावर माल पोचवायचं काम लेकीनं मिळवलं होतं. सोमवारी भरल्या गाडीनिशी हजर व्हायचं आणि पुढं तिथंच मुक्काम करायचा, नाहीतर काम दुसऱ्याला. त्यासाठी ती आईशी कडाकडा भांडली होती. "तुला झेपायचं नाही," असं आई म्हणाली, तेव्हा "झेपवून दाखवते, नाहीतर नाव बदलीन," असं ती न्हाव्यापासून किराणावाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती. मिस्त्रीनं लेकीची बाजू घेतली होती आणि शब्दही दिला होता.

त्याचा शब्द म्हणजे काही हवा नव्हती. बाकीच्या गॅरेजांनी हात टेकलेली इंजिनं शेवटी त्याच्याकडंच यायची. "मला जमत नाही" हे त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. तेवढ्यावर तर तो गल्लीत ताठ मानेनं फिरत होता.

"बाबा, अजून किती वेळ लागेल?" लेकीनं पाना पुढं करत विचारलं.

"दर तासाला विचारून इंजिन सुधारत नसतं."

"सोमवार तोंडावर आला म्हणून विचारलं."

"मला कॅलेंडर दिसतं."

इंजेक्टर काढून झाले, ठणठणीत निघाले. पंप उतरवला, त्यात खोट नव्हती. टर्बोचं पातं बोटानं फिरवलं तर भिंगरीसारखं फिरलं. खोट सापडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. सगळं चांगलं निघालं की मिस्त्री वेडा व्हायचा तेवढा बाकी राहतो.

बायको चहा घेऊन आली आणि कप टूलबॉक्सवर ठेवून तिथंच रेंगाळली.

"तू तर काही केलं नाहीस ना गाडीला?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मी?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "अहो, तुमच्या त्या धुडात हवा कुठून शिरते तेही मला ठाऊक नाही. आणि मला थांबवायचंच असतं तर किल्ली विहिरीत टाकली असती. तुमच्यासारखं तेलात हात कशाला घालू?"

हे मात्र पटण्यासारखं होतं. बायको काही करायची तर उघड करायची.

"चल गं, तुझी बॅग एकदा नीट भर," ती लेकीला म्हणाली. "रोज एक टॉवेल काढतेस, पुन्हा घालतेस." दोघी आत गेल्या.

मिस्त्रीनं चहा उभ्यानंच संपवला आणि इंजिनाकडं एकटक बघत राहिला. काय राहिलं होतं? फिल्टर आणि टर्बोच्या मधला हवेचा पाइप. तो त्यानं स्वतःच्या हातानं बसवला होता, म्हणून त्याच्यावर संशय घेतला नव्हता. लेक डावखुरी. ती पाइप आवळायच्या क्लिपचे स्क्रू नेहमी डावीकडं ठेवायची आणि तो चिडून ते सगळे फिरवून उजवीकडं घ्यायचा. परवाही त्यानं सगळे फिरवले होते.

या पाइपावरच्या क्लिपचा स्क्रू डावीकडं होता.

त्यानं पाइप सोडवला. आत चिंधी कोंबलेली होती, हवा जेमतेम आत जाईल इतकीच. चिंधीची शेपटी तारेला बांधलेली होती आणि तार पाइपाच्या काठाला पक्की अडकवली होती, म्हणजे चिंधी चुकूनही टर्बोच्या पात्यात जायची नाही. चिंधी अशी बांधायला लेकीला त्यानंच शिकवलं होतं.

त्याच्या मस्तकात तिडीक गेली. हाक मारायला त्यानं तोंड उघडलंही. आतून बायकोचा आवाज आला, "सोमवारपर्यंत काही होत नाही वाटतं."

"होईल ना!" लेक म्हणाली. "बाबांना सगळं जमतं."

आवाज मोठा होता आणि शेवटी शेवटी कापत होता. खिडकीतून ती त्याला दिसत होती. भरलेली बॅग पोटाशी धरून ती आईला अगदी खेटून बसली होती.

मिस्त्रीनं हाक मारायला उघडलेलं तोंड मिटलं. बाहेर न्हावी अजून दारातच होता, आता त्याच्याबरोबर किराणावालाही. मग त्यानं चिंधी होती तशी परत आत बसवली, तार काठाला अडकवली, पाइप चढवला आणि क्लिपचा स्क्रू डावीकडं ठेवून आवळला.

"बाबा, सापडलं का काही?" लेक दारात येऊन उभी होती.

"नाही सापडलं," तो गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात वैतागून ओरडला. "मला नाही जमत हे इंजिन!"